स्तनाचा कर्करोग व अंगाची हालचाल



चांदूर बाजाराच्या आसपासच्या गावांतील एखादी बहीण स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करून नागपुराहून किंवा मुंबईहून घरी परतली, म्हणजे तिच्याविषयी बहुधा दोहोंपैकी एक चूक होते. काही घरांत तिला बाजेवरून उतरू देत नाहीत. "हात हलवू नको, टाके उसवतील," असे सासू व शेजारणी मायेने सांगतात. दुसऱ्या काही घरांत, कापसाची वेचणी तोंडावर आली म्हणून, अशक्त असतानाच तिला ओटी बांधून वावरात जावे लागते. पहिली चूक मायेची व दुसरी गरिबीची. तरी दोहोंनी नुकसानच होते. खरी वाट या दोहोंच्या मधून जाते, व तीच या धड्यात आम्हांस दाखवावयाची आहे.

१. हात का हलवावा?

शस्त्रक्रियेत स्तनाबरोबर काखेतील गाठीही पुष्कळदा काढतात. जखम भरताना तेथील कातडी आवळते, व हात न हलविल्यास खांदा धरतो. मग वेणी घालणे किंवा चोळी घालणेही कठीण होते. याहून मोठी गोष्ट अशी की, पुष्कळ स्त्रियांस पुढे शेक, म्हणजे किरणोपचार, घ्यावा लागतो. त्या वेळी हात डोक्यावर नेऊन निश्चळ पडून राहावे लागते. हात वर गेला नाही, तर तो उपचारच अडतो.

म्हणून डॉक्टरांनी परवानगी देताच हळूहळू आरंभ करावा. मूठ उघडावी व मिटावी, कोपर वाकवावे, खांदे फिरवावे, दीर्घ श्वास घ्यावा. जखमेत नळी असेपर्यंत हात खांद्याच्या वर नेऊ नये. नळी निघून जखम भरल्यावर भिंतीसमोर उभे राहून बोटे भिंतीवरून वर चढवीत न्यावी, व जेथवर पोचली तेथे कोळशाने खूण करावी. रोजची खूण थोडी थोडी वर जाते, हे पाहून धीर येतो. ताण जाणवला तर चालेल. कळ आली तर थांबावे.

२. थकव्यावर चालणे

किमोचे औषध चालू असता फार थकवा येतो. तो नुसत्या निजण्याने जात नाही. बेताने चालण्याने कमी होतो, असे अनेक प्रयोगांत दिसून आले आहे. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ साली उपचार चालू असतानाच व्यायाम करण्याची शिफारस केली. आठवड्यातून तीन वेळा अर्धा तास चालणे व दोन वेळा शक्तीचा व्यायाम, असे प्रमाण तज्ज्ञांनी २०१९ साली सांगितले आहे. आरंभी सकाळच्या गारव्यात दहा मिनिटे पुरेत.

कोणी म्हणेल, "आमच्या बाया दिवसभर कामच करतात; त्यांस व्यायाम कशाला?" पण काम घराच्या गरजेप्रमाणे चालते, आणि व्यायाम शरीराच्या मापाने.

३. वजन उचलावे काय?

अशा स्त्रीने जड काही कधीच उचलू नये, नाहीतर हात सुजेल, असे पूर्वी डॉक्टरही सांगत. १९९६ साली कॅनडातील व्हँकूव्हर शहरी डॉ. डॉन मॅकेंझी यांनी या रोगातून उठलेल्या २४ स्त्रियांस लांब नाव वल्हविण्यास शिकविले. त्यांपैकी कोणाच्याही हाताला नवी सूज आली नाही. पुढे २००९ साली अमेरिकेतील कॅथरीन श्मिट्झ यांनी हात सुजलेल्या १४१ स्त्रियांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्यांनी अगदी हलक्या वजनापासून आरंभ करून ते क्रमाने वाढविले. त्यांची सूज वाढली नाही. उलट ती उसळण्याचे प्रसंग इतरांहून कमी झाले.

यातील सार "क्रमाने" या शब्दात आहे. आधी तांब्या, मग लहान कळशी, आणि भरला गुंड पुष्कळ आठवड्यांनी. हात जड वाटला किंवा बांगडी घट्ट होऊ लागली, तर वजन कमी करून डॉक्टरांस दाखवावे. कापसाच्या बोंडाचे टोक किंवा संत्र्याचा काटा त्या हातास रुतल्यास साबणाने धुवावे; लाली, ऊन लागणे किंवा ताप दिसल्यास त्याच दिवशी दवाखान्यात जावे.

४. केव्हा थांबावे?

ताप, चक्कर, छातीत दुखणे, दम लागणे, रक्त जाणे किंवा हाडांत नवी वेदना असेल, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांस भेटावे. रोग हाडांत गेला असल्यास आधी विचारल्याशिवाय काही करू नये. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने ८५० स्त्रियांवर योगाभ्यासाचा प्रयोग करून २०२२ साली त्याचा चांगला परिणाम जाहीर केला. परंतु तेथेही योग उपचाराबरोबर होता, उपचाराच्या जागी नव्हे. व्यायाम करीन व औषध सोडीन, असे कोणी म्हणू नये.

५. मंडळीचे काम

उपदेशक बंधूंनो, अशी बहीण चालावयास निघाली की गावात कुजबुज होते, "कामाला येत नाही, फिरावयास बरी येते." हे बोलणे तुम्ही थांबवा. दोन बायांनी रोज तिच्यासोबत चालावे; मुलाने किंवा नवऱ्याने पाणी भरावे; वेचणीच्या दिवसांत तिची एक तास शेजाऱ्यांनी वाटून घ्यावी. एवढ्याने तिचा हात वाचेल, व उपचारही पुरा होईल.

प्रश्न

१. हात वर न गेल्यास कोणता उपचार अडतो?
२. घरकाम व व्यायाम यांत भेद काय?
३. तुमच्या गावी अशी बहीण असल्यास तिचे पाणी कोण भरतो?