अजिंठ्याची सहल : पूर्वतयारीचा पाठ

पहूर परिसरातील शाळांस अजिंठ्याची लेणी जवळ आहेत. वाकोद मागे टाकले, की फर्दापूर येते. तेथील थांब्यावर आपले वाहन ठेवून लेण्यांकडील बसने पुढे जावे लागते. अंतर थोडे म्हणून तयारीही थोडी पुरे, असा समज होतो. तो बरोबर नाही. मूल घराबाहेर पडले, की त्याच्या अन्नपाण्याचा व जीविताचा भार पालकांकडून शिक्षकांकडे येतो. हा भार हलका करण्याचा उपाय एकच : सुरक्षिततेचे नियम निघण्याच्या वेळी हुकूम म्हणून न सांगता, आठवडाभर आधी वर्गात पाठ म्हणून शिकवावेत. कारण समजलेला नियम मूल स्वतः पाळते.

दिवसाची निवड : लेणी सोमवारी बंद असतात. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. म्हणून सहल हिवाळ्यात काढावी व चढण सकाळीच उरकावी. चित्रे असलेल्या लेण्यांत पादत्राणे काढावी लागतात. तापलेल्या दगडावर पाय पोळू नयेत यासाठी मुलांस पायमोजे आणावयास सांगावे.

पाण्याचा हिशेब : प्रत्येक मुलास दिवसाचे २ लिटर पाणी धरल्यास ४० मुलांस किती, हे उदाहरण मुलांकडूनच सोडवून घ्यावे. ८० लिटर हे उत्तर फळ्यावर आले, म्हणजे भांडी किती न्यावयाची ते मुलेच सांगतील. वाघूर नदीचे पाणी कितीही निर्मळ दिसले, तरी तसेच पिऊ नये. उघड्यावरील कापलेली फळे व बर्फाचा गोळा टाळावा. जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत.

जुलाब झाल्यास : १ लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. चव अश्रूंहून खारट लागू नये. प्रत्येक जुलाबानंतर मुलास अर्धा ते एक पेला थोडे थोडे पाजावे. हे पाणी साधे दिसते. परंतु १९७१ साली बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या अशाच पाण्याने असंख्य प्राण वाचविले. हा प्रयोग वर्गात अवश्य करून दाखवावा.

ऊन लागल्यास : अंग तापून मूल असंबद्ध बोलू लागले, तर त्यास सावलीत निजवून ओल्या फडक्याने अंग पुसावे, वारा घालावा व तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसल्यास तोंडात पाणी घालू नये.

मधमाश्या व साप : लेण्यांच्या कड्यांवर आग्या मोहोळे असतात. दगड मारणे, धूर करणे, उग्र अत्तर लावणे वर्ज्य समजावे. माश्या उठल्यास हात न झाडता, तोंड झाकून, दरीची कड टाळून, बंदिस्त जागेकडे जावे. रुतलेला काटा लगेच खरडून काढावा. श्वास लागल्यास रुग्णालय गाठावे. सर्पदंशावर आवळपट्टी, काप व मांत्रिक हे तिन्ही उपाय घातक होत. मुलास चालू न देता, दंश झालेला अवयव स्थिर ठेवून रुग्णालयात न्यावे.

मोजणी : दहा-दहा मुलांचे गट पाडून प्रत्येक गटास एक प्रमुख द्यावा. गाडीत चढताना, उतरताना, प्रत्येक लेण्यातून बाहेर पडताना व जेवणानंतर पट मोजावा. लाजाळू मूल ‘पोटात दुखते’ असे आपण होऊन सांगत नाही; म्हणून मोजताना केवळ आकडा न पाहता प्रत्येक चेहरा पाहावा. कोणाला दमा आहे, कोणास फिट येते, कोण कोणते औषध घेते, हे पालकांच्या संमतिपत्रावर आधीच लिहून घ्यावे व ते पत्र सोबत ठेवावे.

अखेरची मोजणी शाळेच्या अंगणात होत नाही. शेवटचे मूल पालकांच्या हाती सुखरूप दिले, म्हणजेच ती पूर्ण होते. आणि तेव्हाच सहल संपली असे समजावे.