आकडे उजवीकडेच राहू देत

अगं, तुझी साठ्याची शीट बघितली. मेहनत दिसते आहे. पण सगळे रकाने मधोमध आणून ठेवलेस ना, ते आधी काढ. देखणं वाटतं, मान्य. पण तुझ्या कामात त्या देखणेपणाने नुकसानच होईल.

नारायण पेठेत प्रकाशकाकडे हिशेबाला लागलीस. म्हणजे दिवसभर समोर काय येणार? पुस्तकाचं नाव, लेखक, आयएसबीएन, किंमत, प्रती, कमिशन, अप्पा बळवंत चौकातल्या विक्रेत्यांकडची बाकी. प्रत्येक रकान्याला एकच विचार: याची बेरीज होते का? किंमत, प्रती, बाकी यांची होते, ते उजवीकडे. नाव, लेखक, गाव डावीकडे.

उजवीकडे ठेवले की एककाखाली एकक येतो, दशकाखाली दशक. ८५०, १,२००, ९५ यांच्यामध्ये चुकून १२,००० पडले तर तो आकडा डाव्या बाजूने लगेच पुढे आलेला दिसतो. मधोमध असेल तर दोन्हीकडे थोडा थोडा सरकतो आणि नजरेतून निसटतो. मात्र एका ओळीत २५० आणि खालच्या ओळीत २५०.५० असं ठेवू नकोस. पैसे दाखवायचे तर सगळीकडे दोन घरं दाखव, नाहीतर सरळ रांगही फसवते. आपल्या आजोबांच्या पिढीला हे फार कसोशीने पाळावं लागे. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली, त्याआधी रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै. रुपये, आणे, पै यांचे रकाने वेगळे. आकडा एक घर सरकला की आण्याचा रुपया व्हायचा.

आता दिसायला आकडे, पण खरं तर नावंच असतात ती. आपला पिन कोड ४११०३०, पुस्तकांचा एचएसएन ४९०१, पुण्याचा ०२०. यांची बेरीज कोण करतंय? ते डावीकडे ठेव, आणि लिहायच्या आधीच तो रकाना ‘टेक्स्ट’ करून घे. नाहीतर ०२० मधलं पहिलं शून्य उडतं. तेरा आकडी आयएसबीएन तर एक्सेल मधेच ‘ई’ अक्षर घालून आखडून दाखवतं. सोळा आकडी खाते क्रमांक असला तर आणखी वाईट: पंधरा आकड्यांपुढचा आकडा शून्य होऊन बसतो आणि मग परत मिळत नाही.

खरं सांगायचं ते पुढेच आहे. तू काहीच हलवलं नाहीस तर संगणक आपणहून आकडे उजवीकडे आणि अक्षरं डावीकडे ठेवतो. म्हणून किमतीच्या रकान्यात एखादा आकडा डावीकडे चिकटून बसला, तर समज की संगणकाने त्याला आकडा मानलेलंच नाही. कुणीतरी ‘२५० रु.’ असं लिहिलेलं असतं, व्हॉट्सअॅपवरून उचलताना रिकामी जागा आलेली असते, किंवा देवनागरी आकडे टाकलेले असतात. ‘सम’ लावलंस की तो असे आकडे मुकाट्याने वगळतो. लाल खूण नाही, तक्रार नाही, बेरीज मात्र कमी. आणि सगळं मधोमध केलंस की ही एकमेव खूणही तू स्वतःच पुसून टाकतेस.

म्हणून ‘रुपये’ हा शब्द मथळ्यात लिही, प्रत्येक चौकटीत नको. मथळाही त्याच्या रकान्याच्या बाजूलाच असू दे. आकडे उजवीकडे आणि ‘किंमत’ मधोमध, असं झालं की अरुंद रकान्यांत कुठला मथळा कुणाचा ते कळत नाही. स्पेसबार दाबून काही सरकवायचं नाही, कधीच नाही. स्वल्पविराम लाखाच्या जागी पडत नसतील तर संगणकाच्या सेटिंगमध्ये प्रदेश भारत आहे का, ते बघ.

साहेबांना छापील प्रत मधोमधच हवी असेल तर वेगळी कॉपी करून दे, वाद घालू नकोस. पण तुझी कामाची शीट तशी नको. कारण लेखकांची रॉयल्टी त्याच रकान्यांतून निघते, आणि वगळलेल्या ओळीचे पैसे कुणाला तरी कमी जातात. त्यांना ते कळतही नाही. या वेळची रॉयल्टी काढण्याआधी रक्कम आणि प्रतींचे रकाने निवड, जुळवणीची सगळी बटणं बंद कर आणि डावीकडे कोण कोण राहतंय ते बघ. तेवढे निस्तर, मगच बेरीज मार.