काचेच्या टाकीतला समुद्र

अंगठीत बसवलेला लाल मूंगा तुम्ही पाहिला असेल. उर्दूत त्याला मरजानही म्हणतात. मराठीत त्याला पोवळे किंवा प्रवाळ असे नाव आहे. हाताला तो खड्यासारखा लागतो, म्हणून पुष्कळांना वाटते की प्रवाळ हा दगड आहे. त्याच्या फांद्या पाहून कोणी त्याला समुद्रातले झाड समजतात. खरे म्हणजे प्रवाळ हा प्राणी आहे. अंगठीतला खडा म्हणजे त्याचा सांगाडा.

उष्ण व उथळ समुद्रात प्रवाळांच्या शेकडो जाती आढळतात. जगात अनेक हौशी माणसे त्यांतल्या काही जाती घरी काचेच्या टाकीत वाढवतात. मासे पाळण्यापेक्षा हे काम कितीतरी अवघड आहे. का, ते पाहू.

प्रवाळाच्या एका फांदीवर शेकडो इवलेसे जीव दाटीने राहतात. प्रत्येकाला एक तोंड असते आणि तोंडाभोवती बारीक सोंडा असतात. त्याच्या अंगात त्याहूनही सूक्ष्म शैवाल राहते. हे शैवाल म्हणजे मोठा गुणी भाडेकरू! ते उजेडात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देते. म्हणून टाकीवर रोज ठरावीक तास चांगला उजेड लागतो. पाणीही सतत हलते ठेवावे लागते. प्रवाळ जागचा हलू शकत नाही. प्राणवायू आणि अन्न पाण्यानेच त्याच्यापर्यंत पोहोचवायचे असते.

१९६१ साली इंडोनेशियातील जाकार्ता शहराच्या ली चिन एंग यांनी आपल्या टाकीची पद्धत लिहून प्रसिद्ध केली. त्यांनी समुद्राचे पाणी आणि समुद्रातले सच्छिद्र दगड टाकीत ठेवले व नळीने हवेचे बुडबुडे सोडले. एवढ्याशा साधनांत त्यांचे प्रवाळ जगले. त्यामागचे कारण त्या दगडांत होते. मासे घाण करतात, उरलेले अन्न कुजते आणि पाण्यात अमोनिया हे विष तयार होते. दगडांच्या छिद्रांत राहणारे जीवाणू त्याचे रूपांतर कमी घातक पदार्थांत करतात. नव्या टाकीत हे जीवाणू वाढायला महिना-दीड महिना लागतो. उतावळा माणूस टाकी भरल्याच्या दिवशीच प्रवाळ आणून ठेवतो आणि ते मरतात.

आता थोडे गणित करा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. २०० लिटरच्या टाकीत किती मीठ झाले? ७ किलो. समजा, उन्हाळ्यात १० लिटर पाण्याची वाफ झाली. पाणी उडाले, पण मीठ उडाले का? नाही. तेच ७ किलो मीठ आता १९० लिटर पाण्यात आहे, म्हणजे लिटरला जवळजवळ ३७ ग्रॅम. आपल्याला हा फरक क्षुल्लक वाटेल. प्रवाळाला तो जाचतो. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी गोडे पाणी घालायचे, खारे नाही. ते रोज थोडेथोडे घालावे. आठवड्याने एकदम बादलीभर ओतले, तर खारेपणा एकाएकी बदलतो आणि तोही धक्काच असतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, तेव्हा ते शुद्ध केल्याशिवाय वापरता येत नाही.

प्रवाळाचा सांगाडा खडूच्याच जातीचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. त्यासाठी लागणारे कॅल्शियम तो पाण्यातून घेतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात ते सुमारे ४०० मिलिग्रॅम असते. समुद्र अफाट आहे, तिथे ते संपत नाही. टाकीत मात्र काही दिवसांतच घट दिसते. अनेक जण शुद्ध चुन्याची निवळी थेंबथेंब सोडून ती भरून काढतात. विज्ञानाच्या तासाला जिच्यात फुंकर मारून तुम्ही ती दुधाळ करता, तीच ही निवळी. घाईने ओतली, तर मात्र तीच घात करते.

सर्वांत मोठे संकट उष्णतेचे. टाकीतले पाणी २४ ते २७ अंश सेल्सिअस ठेवतात. पाणी फार तापले की प्रवाळ आपल्या शैवालाला बाहेर टाकतो. रंग जातो, पारदर्शक कातडीतून पांढरा सांगाडा दिसू लागतो. असा प्रवाळ लगेच मरत नाही, पण उपाशी असतो. पाणी लवकर निवले तर तो सावरू शकतो. म्हणून मुंबईसारख्या शहरात पाणी थंड करणारे यंत्र लागते. लहान टाकीवर पंखा लावला तरी काम भागते. सुराहीतले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने हेही होते. वाफ मात्र जास्त होणार, म्हणजे गोडे पाणीही जास्त घालावे लागणार! शिवाय वीज गेली की पंप बंद पडतो, पाणी थांबते आणि काही तासांत प्राणवायू कमी पडू लागतो. त्यासाठी बॅटरीवर चालणारा पंप जवळ ठेवावा लागतो.

समुद्राला असा पंखा नाही. १९९८ साली लक्षद्वीपच्या बेटांभोवतीचे प्रवाळ पांढरे पडले आणि त्यांतले पुष्कळ मेले. २०१० आणि २०१६ सालीही तिथे तेच घडले.

महाराष्ट्रातही मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत. ते तोडून घरी आणावेत असे मनातही आणू नका. भारताच्या समुद्रातील प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. ते तोडणे व विकणे गुन्हा आहे. जाणकार हौशी माणसे परदेशातही समुद्राला हात लावण्यापेक्षा टाकीत वाढलेल्या प्रवाळाची फांदी कापून घेणे पसंत करतात. तो तुकडा दगडाला चिकटवला की त्यापासून नवा प्रवाळ वाढतो.

लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयातील संशोधक याच्याही पुढे गेले. समुद्रातले अनेक प्रवाळ वर्षातून एकदा, पौर्णिमेनंतरच्या काही रात्रींत अंडी सोडतात. बंद खोलीतल्या टाकीला चंद्र कसा कळणार? संशोधकांनी पाण्याचे तापमान ऋतूप्रमाणे बदलले आणि बारीक दिव्यांनी चांदण्याच्या कला दाखवल्या. २०१७ साली त्यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. ठरलेल्या रात्री दिवे मालवले, की लंडनमधल्या त्या टाकीत प्रवाळाच्या फांद्यांवरून गुलाबी मण्यांसारखे दाणे सुटतात आणि हळूहळू वर तरंगत येतात.