दुसऱ्याचा स्वभाव आणि आपले मन

कीर्तन आटोपल्यावर मंडळी नमस्काराला येतात, तेव्हा विचारतात ती शंका बहुधा शास्त्राची नसते. शेजाऱ्याची असते, भावाची असते, सुनेची असते. "महाराज, आम्ही नीट वागतो, पण समोरचा नीट वागत नाही, त्याला काय करावे?" हाच प्रश्न सुमारे अठराशे वर्षांपूर्वी रोमच्या बादशहालाही पडला होता, हे मला गेल्या चातुर्मासात कळले. माझे शिक्षण संस्कृत पाठशाळेतले, ग्रीक भाषेचा गंधही नाही. एका प्राध्यापक स्नेह्यांनी रोज तासभर बसून ते ग्रंथ समजावून दिले. त्यातले मनात राहिले ते सज्जनांपुढे ठेवतो.

इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास अथेन्स नगरात झेनो नावाचा आचार्य एका चित्रांच्या ओवरीत बसून शिकवीत असे. ओवरीला त्यांच्या भाषेत स्टोआ म्हणत, म्हणून पंथाचे नाव स्टोइक पडले. या पंथात पुढे दोन पुरुष फार मोठे झाले. एक एपिक्टेटस, गुलामीत वाढलेला आणि पायाने लंगडा. दुसरा मार्कस ऑरेलियस, १६१ ते १८० या काळातला रोमचा सम्राट. मौज अशी की, सम्राटाने गुलामाचे ऐकले! एपिक्टेटसची प्रवचने एरियन नावाच्या शिष्याने टिपून ठेवली होती. ती रस्टिकस नावाच्या गुरूने मार्कसच्या हाती दिली, आणि त्या उपकाराची नोंद सम्राटाने स्वतः करून ठेवली आहे.

एपिक्टेटसचा एक पाठ स्नानाचा आहे. त्या काळी तिकडे सार्वजनिक स्नानगृहे असत. तो सांगे की, घरातून निघण्यापूर्वीच तिथला देखावा डोळ्यांपुढे आणावा. कोणी पाणी उडवील, कोणी ढकलील, कोणी शिवी देईल, कोणी कपडे लांबवील. मग मनाशी ठरवावे की, मला अंघोळही करायची आहे आणि मनही शाबूत आणायचे आहे. आषाढीला चंद्रभागेच्या गर्दीत ज्याने बुडी मारली आहे, त्याला याची फोड करून सांगायला नको. धक्का लागला म्हणून जो भांडत बसला, त्याचे अंग ओले झाले खरे, पण दुसरे काम राहून गेले.

मार्कसने हाच पाठ सबंध दिवसाला लावला. त्याची एक टिपणवही आहे. ती त्याने स्वतःपुरतीच लिहिली, काही भाग तर डॅन्यूब नदीकडच्या लढाईच्या धामधुमीत. तिच्या दुसऱ्या भागाच्या आरंभीच तो सकाळी मनाला बजावतो की, आज लुडबुडे भेटणार, कृतघ्न भेटणार, उद्धट आणि मत्सरी भेटणार. पुष्कळ लोक एवढेच वाचून खूश होतात, कारण एवढ्यावरून आपण तेवढे शहाणे आणि बाकी जग वाईट असे वाटू लागते. परंतु बादशहा तिथे थांबलेला नाही. ही माणसे आपली सोयरी आहेत, एका देहाच्या दोन हातांसारखी, वरच्या-खालच्या दातांसारखी एकमेकांच्या कामी येण्यासाठीच जन्मलेली आहेत, असे तो पुढे स्वतःला सांगतो. हा उत्तरार्ध गाळला की पूर्वार्धातून नुसती तुच्छता उपजते. मला विचाराल तर सगळा पाठ उत्तरार्धातच आहे.

माणूस वाईट वागतो तो बरेवाईट न कळल्यामुळे, असेही हे आचार्य म्हणतात. ते मला पुरते पटलेले नाही. काहींना सगळे कळत असते! असो.

मग अन्याय मुकाट्याने गिळावा काय? तसे नाही. १७५ साली मार्कस मेल्याची आवई उठली, तेव्हा सिरियाकडच्या अविडियस कॅशियस नावाच्या सेनापतीने स्वतःलाच सम्राट म्हणवून घेतले. मार्कस हात जोडून बसला नाही, फौजेची तयारी केली. पण तोवर कॅशियसच्याच माणसांनी त्याला मारून मस्तक पाठवून दिले. डिओ नावाचा इतिहासकार लिहितो की, मार्कसने ते पाहिलेसुद्धा नाही, पुरायला लावले. म्हणजे बंदोबस्त त्याने केला, वैर मात्र केले नाही.

एपिक्टेटसचा आणखी एक दाखला माझ्या वर्मी लागला. कढईला दोन कान असावेत, तसे प्रत्येक गोष्टीला दोन असतात, पण भार पेलतो तो एकानेच. भाऊ अन्यायाने वागला तर 'अन्याय' हा कान धरू नये, 'भाऊ' हा धरावा. आमचे थोरले बंधू आणि मी, यांच्यात विहीर एक. पाण्याची माझी पाळी ते दर वेळी दोन-तीन तास खात. त्यावरून नऊ वर्षे आमचे बोलणे बंद होते, आणि त्या नऊ वर्षांत मी गावोगाव क्षमेवर कीर्तने करीत हिंडत होतो! चातुर्मास संपल्यावर मी त्यांच्या ओट्यावर गेलो. आधी पाच माणसांसमक्ष पाळीचे वार कागदावर लिहून घेतले, मग त्यांच्या पाया पडलो.

अण्णांचा स्वभाव काही बदललेला नाही. परवा माझ्या पाळीला त्यांची मोटार पुन्हा चालूच होती. मी बांधावरून गेलो, बटण बंद केले आणि तसाच त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. वहिनींनी चहा टाकला. अण्णा म्हणाले, "विसरलो रे." मी म्हणालो, "साखर कमी घाला, वहिनी."