विवाहाचा पुरावा : ग्रीन कार्डाच्या मुलाखतीची पूर्वतयारी

विवाह ही आपल्या समाजात चारचौघांच्या साक्षीने घडणारी घटना आहे. अग्नी, पुरोहित, आप्तेष्ट आणि गावकरी हे तिचे साक्षीदार. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही ही परंपरा मान्य केली आहे. जेथे सप्तपदीची रूढी आहे तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण व बंधनकारक होतो आणि केवळ नोंदणी झाली नाही म्हणून तो अवैध ठरत नाही. परंतु पती अमेरिकेत व पत्नी भारतात असेल आणि तिला कायमच्या वास्तव्यासाठी त्याच्याकडे जावयाचे असेल, तर या विवाहाचा प्रश्न अशा अधिकाऱ्यापुढे जातो, की जो मांडवात नव्हता आणि ज्याला दोन्ही कुटुंबांची काहीच माहिती नाही. त्याच्यापुढे मांडवातील साक्षीदारांची जागा कागदपत्रांना घ्यावी लागते.

संशयाचे मूळ

अधिकाऱ्याच्या प्रश्नांमागे एक इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, डिसेंबर १९४५ मध्ये, अमेरिकन सैनिकांच्या परदेशी पत्नींना सुलभतेने प्रवेश देणारा कायदा झाला. त्याचा लाभ घेण्यासाठी काहींनी केवळ नावापुरते विवाह केले. असे एक प्रकरण १९५३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि आरोपींची शिक्षा कायम झाली. १९७५ मध्ये तेथील एका अपील न्यायालयाने कसोटी स्पष्ट केली : विवाहाच्या वेळी दोघांचा एकत्र संसार करण्याचा हेतू होता काय? पुढे संसारात दुरावा आला, एवढ्याने मूळ विवाह खोटा ठरत नाही. १९८६ च्या कायद्याने आणखी एक अट घातली. वास्तव्याचा परवाना मिळते वेळी विवाहास दोन वर्षे पूर्ण झाली नसतील, तर तो परवाना दोन वर्षांपुरता सशर्त असतो. ती मुदत संपण्यापूर्वीच्या नव्वद दिवसांत अट दूर करण्यासाठी सामान्यतः उभयतांना संयुक्त अर्ज करावा लागतो.

घरच्यांनी जुळविलेला आणि अल्प परिचयानंतर झालेला विवाह या कसोटीला उतरू शकतो. परिचयाचा काळ किती, यापेक्षा हेतू खरा आहे की नाही, हे पाहिले जाते. हेतू मात्र डोळ्यांना दिसत नाही. तो कागदांवरून आणि उत्तरांवरून ताडला जातो. म्हणून या दोहोंत मेळ असणे, हे तयारीचे सार होय.

एका नावाची अनेक रूपे

मराठी कुटुंबांची पहिली अडचण नावाची असते. विवाहानंतर वधूचे आडनाव बदलते, मधले पित्याचे नाव जाऊन पतीचे येते आणि काही घरांत तिचे स्वतःचे नावही नवे ठेवले जाते. झाशीच्या राणीचे माहेरचे नाव मणिकर्णिका. लक्ष्मीबाई हे नाव तिला विवाहानंतर मिळाले. १८८३ साली वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस गेलेल्या आनंदीबाई जोशी माहेरी यमुना होत्या. आपल्याला यात नवल वाटत नाही. परंतु शाळेच्या दाखल्यावर एक, विवाहाच्या दाखल्यावर दुसरे आणि पारपत्रावर तिसरे नाव पाहणाऱ्या परक्या अधिकाऱ्यास या तीन व्यक्ती वाटू शकतात.

महाराष्ट्राबाहेरील मराठी कुटुंबांत ही गुंतागुंत वाढते. झाशीनजीकच्या बिजौली येथे राहणाऱ्या अशा एखाद्या कुटुंबातील मुलीचे उदाहरण घ्यावे. वडिलांचे नाव ज्ञानेश्वर. देवनागरीत ते मराठीत व हिंदीत सारखेच लिहिले जाते. पण उच्चार निराळे असल्यामुळे महाराष्ट्रात त्याचे इंग्रजी रूप ‘डी’ने आणि उत्तर प्रदेशात ‘जी’ने सुरू होते. मुलीचा दाखला झाशीचा आणि पतीच्या गावी झालेली विवाहनोंद पुण्याची असेल, तर एकच पिता दोन नावांनी उभा राहतो.

यावर उपाय साधा आहे. सर्व कागद समोर ठेवून प्रत्येकावरील नाव, जन्मतारीख व जन्मस्थान यांचा एक तक्ता करावा. जेथे दुरुस्ती शक्य आहे तेथे ती मूळ कार्यालयाकडून वेळेवर करून घ्यावी. अन्यत्र, दोन्ही रूपे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करावे. अर्जात पूर्वीची वा अन्य नावे विचारलेली असतात, तेथे माहेरचे नाव न चुकता लिहावे. स्वतःच्या हाताने दाखल्यावर अक्षर गिरविणे वा खोडणे मात्र सर्वथा टाळावे.

जन्माचा आणि विवाहाचा दाखला

जन्माची नोंद कुटुंब जेथे राहते तेथे नव्हे, तर जन्म जेथे झाला तेथे होते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यामुळे बिजौलीच्या मुलीचा जन्म आजोळी, ग्वाल्हेरला झाला असेल, तर तिची नोंद ग्वाल्हेरच्याच दप्तरात शोधावी लागेल. दुसरी अडचण बारशाची. जन्माची नोंद नाव ठेवण्यापूर्वीच झाल्यामुळे कित्येक दाखल्यांवर बाळाचे नाव कोरे असते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात हे नाव मागाहून भरून घेण्याची तरतूद आहे. नोंदच झाली नसेल आणि एक वर्ष उलटले असेल, तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने विलंबित नोंद करता येते. दाखला मिळतच नसेल, तर तसे नोंदणी कार्यालयाचे पत्र आणि त्यासोबत शाळेचा दाखला, आप्तांची प्रतिज्ञापत्रे असा दुय्यम पुरावा जोडावा.

विवाहनोंदणीसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००६ मध्ये सर्व राज्यांना ती सक्तीची करण्याचे निर्देश दिले. महाराष्ट्रात यासाठी १९९८ चा कायदा आहे आणि उत्तर प्रदेशात २०१७ ची विवाह नोंदणी नियमावली. लग्नपत्रिका वा पुरोहिताचे पत्र हे पूरक कागद असून शासकीय दाखल्याची जागा ते घेऊ शकत नाहीत. कोणाचा पूर्वी विवाह झाला असेल, तर घटस्फोटाचा हुकूमनामा अथवा पूर्वीच्या जोडीदाराचा मृत्यूचा दाखलाही हवा. हिंदी वा मराठी कागद अमेरिकेतील खात्याकडे पाठविताना त्यांचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि आपण ते करण्यास समर्थ आहोत, असे भाषांतरकाराने लिहून द्यावयाचे असते.

संसाराचा पुरावा

दाखल्याने विवाह झाला हे सिद्ध होते. संसार आहे हे सिद्ध होत नाही. त्यासाठी एकत्र राहण्याच्या व परस्परांची काळजी घेण्याच्या खुणा लागतात : संयुक्त बँक खाते, विम्यावर वा खात्यावर जोडीदाराचे नामनिर्देशन, दोघांच्या नावाचा भाडेकरार, प्रवासाची तिकिटे, पाठविलेल्या पैशांच्या नोंदी, पत्रव्यवहार. विवाहानंतर लगेच ताटातूट झालेल्या दांपत्याकडे यांपैकी थोडेच असते, आणि त्यात काही वावगे नाही. त्यांनी साखरपुड्यापासून पुढे भेटींचा व संभाषणांचा तारीखवार क्रम लावावा. केवळ मांडवातील शंभर छायाचित्रांपेक्षा निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या नातलगांसह काढलेली वीस अधिक बोलतात.

याखेरीज वैध पारपत्र, पारपत्र कार्यालयाकडून मिळणारा पोलीस दाखला, ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडील वैद्यकीय तपासणी आणि अमेरिकेतील जोडीदाराने दिलेले निर्वाहाचे हमीपत्र, म्हणजे आय-८६४ हा अर्ज, त्याच्या उत्पन्नाच्या पुराव्यासह तयार ठेवावे. अर्जांच्या व पाठविलेल्या प्रत्येक कागदाच्या प्रती स्वतःजवळ असाव्यात. मुलाखतीस मूळ प्रती न्याव्यात आणि विषयवार लावून ठेवाव्यात.

मुलाखतीचा दिवस

अर्जदार अमेरिकेत असल्यास मुलाखत तेथील नागरिकत्व व स्थलांतर सेवेच्या कार्यालयात होते आणि सामान्यतः उभयतांना बोलावले जाते. भारतात असल्यास ती अमेरिकन वाणिज्य दूतावासात होते आणि बहुधा अर्जदारास एकट्यानेच उत्तरे द्यावी लागतात. म्हणून जोडीदाराने भरलेला अर्ज तिने आधी नीट वाचलेला असावा. पतीने भेटीची तारीख एक लिहिली आणि पत्नीने दुसरी सांगितली, तर खऱ्या विवाहावरही शंकेची छाया पडते. उत्तर आठवत नसेल तर आठवत नाही असे सांगावे. पाठ केलेली उत्तरे पुढच्याच प्रश्नाला अडखळतात.

या सर्वांत एक धोका सर्वांत मोठा आहे. अडचण टाळण्यासाठी कोणी मध्यस्थ जुन्या तारखेची पावती वा बनावट करारपत्र देऊ करतो. अमेरिकेच्या कायद्यानुसार महत्त्वाच्या बाबीतील खोटेपणा उघड झाल्यास प्रवेशास कायमची आडकाठी येऊ शकते, आणि विवाहच फसवणुकीचा ठरल्यास पुढील अर्जांचे दारही बंद होते. अपुरा कागद नंतर पुरविता येतो; अधिकारी तशी संधी पुष्कळदा देतो. खोट्या कागदाला मात्र दुरुस्ती नाही, आणि त्याचा दंड त्या दांपत्याला वर्षानुवर्षांच्या ताटातुटीने भरावा लागतो.