गेम कंपनीची भरती आणि बारावीचं गणित

"दिवसभर गेमच खेळतो. मग गेमच्याच कंपनीत का नाही?" निकालानंतर पालक हा प्रश्न विचारतात, तेव्हा त्यात निम्मी आशा असते आणि निम्मी धास्ती.

नोकऱ्या आहेत, आणि त्यासाठी परदेशी जावं लागत नाही. युबिसॉफ्ट ही फ्रेंच कंपनी २००८ पासून पुण्यात आहे. २०१८ मध्ये तिने मुंबईतही स्टुडिओ उघडला. 'राजी' हा गाजलेला गेमही पुण्याच्याच एका छोट्या स्टुडिओतला.

पण असा स्टुडिओ भरती करतो ती खेळणाऱ्यांची नव्हे. अगदी टेस्टरचं काम घ्या. एकाच भिंतीवर शंभर वेळा आदळून ती कुठे आरपार जाऊ देते ते शोधायचं, आणि ती चूक नेमकी कशी घडली हे दुसऱ्याला कळेल असं लिहायचं. खेळण्याची हौस इथे महिन्याभरात फिटते. स्वच्छ, मुद्देसूद लिहिता येणारा टिकतो.

प्रोग्रामरला सी प्लस प्लस हवं आणि गणित तर हवंच. पहारेकऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात खेळाडू आला का, हे दोन सदिशांच्या अदिश गुणाकारावरून ठरवता येतं. बारावीत "याचा उपयोग काय" म्हणून सोडून दिलेला धडा तो हाच! चित्रकलेकडे ओढा असेल तर हाताने रेखाटन, शरीररचना, प्रकाश-सावली आधी, सॉफ्टवेअर नंतर.

लाखांची फी सांगणाऱ्या क्लासमध्ये 'शंभर टक्के प्लेसमेंट'ची पाटी दिसली, तर मागच्या तुकडीतल्या मुलांचं काम पाहायला मागा. त्यांच्याशी बोला. ब्लेंडर आणि गोडो ही गेम बनवायला लागणारी सॉफ्टवेअर घरच्या संगणकावर फुकट मिळतात, सुरुवातीला तेवढं पुरतं.

धास्तीही खोटी नाही. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'च्या जुन्या गेमची नवी आवृत्ती पुणे-मुंबईच्या स्टुडिओंकडे होती. २०२२ मध्ये ते काम माँट्रियलला गेलं. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने गेम विभागातली १,९०० माणसं कमी केली. म्हणून माझा आग्रह आहे, पदवी सोडू नका. संगणकशास्त्राची पदवी असली तर गेमबाहेरची दारंही उघडी राहतात.

आणि बाळांनो, येत्या दिवाळीच्या सुट्टीत एकाच पडद्याचा गेम पुरा करा. मामेभावाच्या हातात द्या, तोंडातून शब्द काढू नका, आणि तो कुठे अडतो ते वहीत लिहून ठेवा.