फॉरमॅट मारायच्या आधी

"फॉरमॅट मारावा लागेल." दुखणं कोणतंही असो, आमच्या भागातल्या कॉम्प्युटरवाल्याकडे औषध हे एकच. माझी तक्रार काय होती? ब्लूटूथ स्पीकर मोबाइलवर सुरेख वाजायचा आणि कॉम्प्युटरला जोडला की आवाज तुटायचा. किशोरीताईंचा भूप लावावा आणि ऐन आलापात सूर गिळला जावा, पुन्हा यावा, पुन्हा जावा. स्पीकर विकणारा म्हणाला, "मोबाइलवर चालतोय ना? मग आमचा माल ओके." कॉम्प्युटरवाल्याने माझं बोलणं पुरतं न ऐकताच फॉरमॅट मारला, पैसे घेतले, आणि घरी आल्यावर भूप पुन्हा तुटलाच. फोन केला तर म्हणे, "काका, या वयात तुम्हाला एवढं बारीक ऐकू येतं?" हे अजून डोक्यातून जात नाही.

उलगडा झाला तो एका रात्री. बाहेरच्या हार्ड डिस्कवर फोटोंचा बॅकअप चालू होता आणि स्पीकर नेहमीपेक्षाही जास्त अडखळत होता. बॅकअप संपल्याची खिडकी पडद्यावर आली आणि त्याच क्षणी आवाज बराच सुधारला. मी डिस्कची वायर उपसली, तर एकदम स्वच्छ. पुन्हा लावून फाइल कॉपी करायला घेतली, पुन्हा तुटला. ब्लूटूथचं डोंगल डिस्कच्या अगदी शेजारच्या पोर्टमध्ये होतं, तेही कॉम्प्युटरवाल्यानेच बसवून दिलेलं!

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालतं. यूएसबी ३ ची उपकरणं आणि त्यांच्या वायरी डेटा वाहताना नेमक्या त्याच पट्ट्यात रेडिओ गोंगाट करतात. इंटेलने २०१२ सालीच यावर सविस्तर टिपण काढलं होतं. म्हणजे माहिती गुप्त नव्हती, वाचायची तसदी कुणी घेतली नव्हती. मी कॉम्प्युटरवाल्याला हे सांगितलं तर त्याचं उत्तर तयार: "मग तुमची डिस्क खराब असेल, नवी घ्या."

तेव्हा तुमचा स्पीकर तुटक वाजत असेल तर आधी यूएसबी ३ ची डिस्क, पेन ड्राइव्ह, हब सगळं काढून ऐका. ही पोर्टं बहुधा आतून निळी असतात. फरक पडला तर डोंगल साध्या यूएसबी २ एक्स्टेन्शन वायरवर घेऊन टेबलावर आणा, डिस्कपासून हातभर लांब. माझं काम तेवढ्या वायरीने झालं, आणि ती फॉरमॅटच्या पैशांपुढे काहीच नाही. कॉम्प्युटरचा डबा टेबलाखाली आणि डोंगल त्याच्या मागे, असं असेल तरीही हीच वायर कामी येते, कारण पत्र्याचा डबा आणि आपलं अंग दोन्ही ब्लूटूथची लहर अडवतात.

डोंगल नसेल, ब्लूटूथ मदरबोर्डवरच असेल, तर डब्याच्या मागे दोन पितळी आटे आहेत का पाहा. त्यांना अँटेना लावायचा असतो. कित्येकदा तो खोक्यात तसाच पडून राहतो, कारण जोडणाऱ्याला वाटतं तो फक्त वायफायसाठी आहे.

वायफायही २.४ वर असेल तर कॉम्प्युटर ५ गिगाहर्ट्‌झवर न्या, राउटरमध्ये बहुधा सोय असते. ड्रायव्हर अद्ययावत ठेवा वगैरे सगळेच सांगतात, मीही सांगतो. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमध्ये ब्लूटूथच्या पॉवर मॅनेजमेंटखाली वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी असते, ती खूण काढा. आवाज तुटत नसून टेलिफोनसारखा चपटा येत असेल, तर दुखणं वेगळं. मीटिंगच्या अ‍ॅपने स्पीकरचा माइक धरलेला असतो. अ‍ॅपमध्ये दुसरा माइक निवडा.

यातलं सगळं करून पाहिल्याशिवाय कुणालाही फॉरमॅट मारू देऊ नका. आणि मारायचाच म्हणाला, तर कशासाठी ते आधी कागदावर लिहून मागा.